हवाईची शेवटची राणी, जिने राज्य गमावलं पण ते कुणी घेतलं हे कागदावर लिहून ठेवलं

हवाई म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? निळाशार समुद्र, गळ्यात फुलांच्या माळा, धगधगते ज्वालामुखी आणि शाळेच्या पुस्तकात वाचलेलं पर्ल हार्बर. अमेरिकेचं ५० वं राज्य.

पण सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत हवाई अमेरिकेत नव्हतं. तो एक स्वतंत्र देश होता. त्याला राजा होता, संसद होती, राज्यघटना होती आणि इतर देशांशी केलेले रीतसर करार होते. होनोलुलूच्या राजवाड्यात, म्हणजे इओलानी पॅलेसमध्ये विजेचे दिवे लागले, तेव्हा अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमध्ये अजून वीज पोहोचली नव्हती.

मग हा देश अमेरिकेच्या खिशात गेला कसा?

मोठी लढाई झाली नाही, वेढा पडला नाही. काही साखर कारखानदार, काही वकील, एक अमेरिकी राजदूत आणि बंदरात उभं असलेलं एक जहाज, एवढ्यावर हे काम उरकलं. या सगळ्यासमोर उभी होती ५४ वर्षांची एक विधवा राणी. तिचं नाव लिलिउओकलानी.

डोळ्यांच्या दुखण्यावरून पडलेलं नाव

२ सप्टेंबर १८३८ ला होनोलुलूत तिचा जन्म झाला. त्या काळी राज्यकारभारात राजाच्या खालोखाल मान असलेल्या किनाउ नावाच्या बाईंचे डोळे तेव्हा आले होते. हवाईच्या प्रथेप्रमाणे त्यांनी बाळाची नावं त्यावरूनच ठेवली. लिलिउ म्हणजे चुरचुरणं. बाकीच्या नावांचे अर्थही असेच, डोळ्यातलं पाणी, जळजळ, दुखरे डोळे. बाप्तिस्म्यानंतर त्यात लिडिया हे ख्रिस्ती नाव जोडलं गेलं.

हवाईत हानाई नावाची पद्धत होती. जन्मलेलं मूल दुसऱ्या कुटुंबाला वाढवायला द्यायचं. आपल्याकडच्या दत्तक घेण्यासारखंच, फक्त यात दोन्ही घरांचं नातं आणखी घट्ट व्हायचं. लिडियाही अशीच एका मोठ्या सरदार घराण्यात वाढली. त्या घरातली बर्निस पाउआही ही तिची मानलेली बहीण.

चार वर्षांची असताना तिला सरदारांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत घातलं. अमेरिकेहून आलेलं एक मिशनरी जोडपं ही शाळा चालवायचं. तिथे ती इंग्रजी शिकली, संगीत शिकली.

याच वयात तिच्या देशात एक घटना घडली. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढे पन्नास वर्षांनी तिचा संदर्भ येणार आहे.

१८४३ च्या फेब्रुवारीत लॉर्ड जॉर्ज पॉलेट नावाचा ब्रिटिश नौदलाचा कप्तान होनोलुलूत आला. ब्रिटिश रहिवाशांच्या तक्रारींचं निमित्त करून त्याने तोफांचा धाक दाखवला. राजा तिसरा कामेहामेहा याने लढाई टाळली. त्याने निषेध नोंदवून बेटं ताब्यात दिली आणि थेट लंडनकडे दाद मागितली.

पाच महिन्यांनी ब्रिटिश अ‍ॅडमिरल रिचर्ड थॉमस आला आणि ३१ जुलै १८४३ ला त्याने राज्य परत केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनी हवाईचं स्वातंत्र्य मान्य केलं.

म्हणजे हवाईच्या राजघराण्याला एक धडा मिळाला होता. मोठी ताकद अंगावर आली की रक्त सांडायचं नाही, निषेध लिहून द्यायचा आणि त्या ताकदीच्या मालकाकडे न्याय मागायचा.

साखर आली आणि गणित बदललं

मिशनरी धर्म शिकवायला आले होते. त्यांची पुढची पिढी मात्र जमिनीकडे वळली. १८५० मध्ये परदेशी माणसांना हवाईत जमीन विकत घेण्याची परवानगी मिळाली आणि उसाचे मळे उभे राहू लागले.

१८७५ मध्ये अमेरिकेसोबत करार झाला. हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली. पुढच्या साधारण पंधरा वर्षांत साखरेची निर्यात जवळपास दहापट झाली. मळ्यांवर राबायला चीन, जपान आणि पोर्तुगालच्या बेटांवरून मजूर आणले गेले.

मूळच्या हवाईयन लोकांचं काय? बाहेरून आलेल्या रोगांनी त्यांची संख्या सतत घटत होती. १८९० च्या जनगणनेत बेटांवर सुमारे ९० हजार लोक होते, त्यातले मूळ हवाईयन आणि मिश्र वंशाचे मिळून जेमतेम ४० हजार. आपल्याच देशात ते अल्पसंख्य झाले होते.

लिडियाचं आयुष्य या काळात तसं सुखात चाललं होतं. १८६२ मध्ये तिने जॉन डॉमिनिस या अमेरिकी वंशाच्या माणसाशी लग्न केलं आणि होनोलुलूतल्या त्याच्या घरी राहायला गेली. या घराचं नाव वॉशिंग्टन प्लेस. नावावरून गोंधळ नको, हे घर हवाईतच आहे.

ती गाणी रचायची. १८६६ मध्ये राजाच्या सांगण्यावरून तिने हवाईचं राष्ट्रगीत लिहिलं. १८७८ च्या सुमारास एका सहलीवरून घोड्यावर परतताना तिने दोन माणसांना एकमेकांचा निरोप घेताना पाहिलं आणि त्यावरून गाणं रचलं. तेच हे जगप्रसिद्ध 'अलोहा ओए'. लिहिलं तेव्हा ते साधं निरोपाचं गाणं होतं. पुढे लोकांना त्यात एका देशाचा निरोप ऐकू येऊ लागला.

१८७४ मध्ये तिचा भाऊ डेव्हिड कालाकाउआ राजा झाला. धाकटा भाऊ वारस होता, पण १८७७ मध्ये तो वारला आणि वारसाचा मान लिडियाकडे आला. तेव्हापासून ती लिलिउओकलानी झाली.

१८८१ मध्ये कालाकाउआ जगप्रवासाला निघाला. सिंहासनावर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा. या प्रवासात तो भारतातही आला होता, कोलकात्याहून रेल्वेने मुंबईला. इकडे राज्य सांभाळत होती लिलिउओकलानी. त्याच वर्षी देवीची साथ आली. तिने बंदरं बंद केली आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी वाहतूक थांबवली. व्यापारी आणि मळेवाले नाराज झाले, पण तिने निर्णय बदलला नाही.

ही बाई ऐकणाऱ्यातली नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

संगिनीच्या टोकावर लिहिलेली घटना

१८८७ मध्ये लिलिउओकलानी वहिनीसोबत लंडनला गेली होती. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली होती, त्याचा सोहळा होता. तिथेच बातमी आली की होनोलुलूत काहीतरी भयंकर घडलंय.

झालं असं की, लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्यांचा नातू आणि पेशाने वकील, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी नवी राज्यघटना तयार केली. पाठीशी बंदूकधारी गोऱ्या स्वयंसेवकांची पलटण होती. कालाकाउआला त्यावर सही करावी लागली. म्हणूनच इतिहासात तिला 'संगिनीची घटना' म्हणतात.

या घटनेत काय होतं?

राजाचे बहुतेक अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. वरच्या गटातल्या प्रतिनिधींना मत देण्यासाठी मालमत्तेची आणि उत्पन्नाची एवढी मोठी अट घातली की बहुतेक मूळ हवाईयन लोक त्यातून बाद झाले. आशियाई लोकांचा मताधिकार पूर्णच गेला. आणि अमेरिका-युरोपातून आलेल्या रहिवाशांना मात्र हवाईचं नागरिकत्व न घेताही मत देता येऊ लागलं.

त्याच वर्षी साखरेचा करार वाढवून मिळाला आणि बदल्यात पर्ल हार्बर वापरण्याचा खास हक्क अमेरिकी नौदलाला द्यावा लागला.

पुढे १८९० मध्ये अमेरिकेने नवा जकात कायदा केला. आता सगळ्याच देशांची कच्ची साखर तिथे बिनजकात येणार होती आणि अमेरिकेत पिकलेल्या साखरेला वर अनुदान मिळणार होतं. हवाईच्या साखरेचा फायदाच संपला. साखरेचा धंदा कोसळला.

मळेवाल्यांपुढे यावर एक सरळ उत्तर होतं. हवाईच अमेरिकेचा भाग झालं तर अनुदान आपल्यालाही मिळेल. सगळ्यांनाच हे मान्य नव्हतं, कारण अमेरिकेचे कायदे आले तर स्वस्तातले कंत्राटी मजूर मिळाले नसते. पण अमेरिकेत सामील व्हावं म्हणणारा गट होनोलुलूत जोर धरू लागला होता.

दोन वर्षांचं राज्य

जानेवारी १८९१ मध्ये कालाकाउआ सॅन फ्रान्सिस्कोत वारला. अमेरिकी युद्धनौका त्याचं पार्थिव घेऊन २९ जानेवारीला होनोलुलूत आली, आणि त्याच दिवशी लिलिउओकलानीला शपथ घ्यावी लागली. भावाचं दुःख करायलाही वेळ मिळाला नाही. जी घटना तिला मनापासून मान्य नव्हती, तीच पाळण्याची ती शपथ होती. सात महिन्यांनी तिचा नवराही गेला.

राज्यभरातून तिच्याकडे अर्ज येऊ लागले. मागणी एकच, नवी घटना आणा. नोंदणी झालेल्या मतदारांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी या अर्जांवर सह्या केल्या होत्या, असं तिने पुढे नोंदवून ठेवलं.

तिने नवा मसुदा तयार केला. त्यात राजसत्तेला काही अधिकार परत मिळणार होते, मालमत्तेची अट सैल होणार होती आणि मताचा हक्क फक्त नागरिकांनाच राहणार होता.

१४ जानेवारी १८९३. तिने संसदेचं अधिवेशन संपवलं आणि राजवाड्यात मंत्र्यांना बोलावून नव्या घटनेवर सह्या करायला सांगितलं. मंत्र्यांनी ऐनवेळी पाय मागे घेतला. बाहेर लोक वाट पाहत उभे होते. राणीने सज्जात येऊन त्यांना घरी जायला सांगितलं, घटना आज होणार नाही, पण पुढे होईल असं समजावलं. दोन दिवसांनी तिने जाहीर केलं की यापुढे घटनेत बदल होईल तो फक्त कायदेशीर मार्गानेच.

पण थर्स्टनच्या गटाला हवं ते निमित्त मिळालं होतं. १३ जणांची 'सुरक्षा समिती' बनली. सगळे अमेरिकी किंवा युरोपीय वंशाचे. नाव सुरक्षेचं, काम राजसत्ता उलथण्याचं.

राणीच्या पोलिसप्रमुखाने या सगळ्यांना अटक करायची परवानगी मागितली होती. मंत्र्यांनी दिली नाही.

ते तीन दिवस

१६ जानेवारीच्या संध्याकाळी बंदरातल्या 'बॉस्टन' या अमेरिकी युद्धनौकेवरून १६२ सैनिक आणि खलाशी उतरले. कारण सांगितलं अमेरिकी लोकांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण. पण त्यांचा मुक्काम अमेरिकी वस्तीत पडला नाही. तो पडला सरकारी कचेरी आणि राजवाड्याच्या अगदी जवळ. त्यांना उतरवण्याची विनंती केली होती अमेरिकेचे हवाईतले राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी, आणि स्टीव्हन्स हवाई अमेरिकेला जोडावं याच मताचे होते.

दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला दुपारी, सुरक्षा समितीची माणसं सरकारी कचेरीत शिरली. तिथे राजसत्ता संपल्याचं आणि अमेरिकेत विलीन होईपर्यंत हंगामी सरकार आल्याचं वाचून दाखवलं. प्रमुख म्हणून सॅनफर्ड डोल यांचं नाव होतं. डोल हे हवाईत जन्मलेले, मिशनऱ्यांचे चिरंजीव आणि हवाईच्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. अननसाच्या डब्यांवर दिसणारं डोल हे नाव त्यांच्या एका नातेवाइकाचं, तो नंतर हवाईत आला.

स्टीव्हन्स यांनी त्याच दिवशी या सरकारला मान्यता देऊन टाकली.

राणीकडे राजरक्षक होते, पोलिस होते, तोफाही होत्या. नुसत्या बंडखोरांशी गाठ असती तर सामना झाला असता. पण मागे अमेरिकेचं सैन्य उभं होतं. त्यांच्यावर गोळी झाडणं म्हणजे अमेरिकेशी युद्ध, आणि मरणारे कोण? आधीच घटत चाललेले तिचेच लोक.

त्या संध्याकाळी तिने शरणागतीचा कागद लिहून दिला. आणि इथेच तिची खरी हुशारी दिसते.

तिने हंगामी सरकारपुढे हार मानली नाही. तिने लिहिलं की ती अमेरिकेच्या वरचढ ताकदीपुढे माघार घेतेय, कारण अमेरिकेच्या राजदूताने सैन्य उतरवलं. तिचा याला निषेध आहे. रक्तपात टाळण्यासाठी ती तूर्त अधिकार सोडतेय आणि अमेरिकेचं सरकार सत्य पाहून तिला पुन्हा गादीवर बसवेपर्यंतच ही व्यवस्था असेल.

तिसऱ्या कामेहामेहाने पन्नास वर्षांपूर्वी वापरलेला मार्गच तिने वापरला होता. गंमत म्हणजे हंगामी सरकारने तो कागद मुकाट्याने स्वीकारला. आपण सत्ता कुणाच्या जोरावर घेतली याचा पुरावाच त्यांनी आपल्या हाताने ठेवून घेतला.

न्याय मिळाला, पण कागदावरच

सुरुवातीला तिचा अंदाज बरोबर ठरतोय असंच वाटत होतं.

विलीनीकरणाचा करार घाईघाईने अमेरिकी सिनेटपुढे गेला होता. पण मार्च १८९३ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलँड अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी करार मागे घेतला आणि जेम्स ब्लाउंट यांना चौकशीला पाठवलं. ब्लाउंट यांनी होनोलुलूच्या सरकारी इमारतीवर स्टीव्हन्स यांनी फडकवलेला अमेरिकी झेंडा १ एप्रिलला उतरवला आणि महिनोनमहिने लोकांच्या जबान्या घेतल्या. अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता. अमेरिकी राजदूत आणि सैन्य नसतं तर हे बंड यशस्वी झालंच नसतं.

क्लीव्हलँड राणीला गादी परत द्यायला तयार झाले. अट एकच, बंडखोरांना माफी द्यायची.

इथे राणीकडून एक चूक झाली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे नवे राजदूत अल्बर्ट विलिस भेटले तेव्हा तिने लगेच होकार दिला नाही. तिचं म्हणणं होतं की राजद्रोहाला देशाच्या कायद्यात शिक्षा आहे आणि मंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय तिला माफी देता येणार नाही. वर्तमानपत्रांत मात्र छापून आलं की राणीला बंडखोरांची मुंडकी उडवायची आहेत. हे आपण कधीच म्हटलं नाही असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली, पण तिची प्रतिमा व्हायची तेवढी खराब झाली.

डिसेंबरमध्ये तिने माफी देण्याचं मान्य केलं. विलिस यांनी डोल यांना सत्ता सोडायला सांगितलं. डोल यांनी उत्तर दिलं की आमच्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायचा अमेरिकेला अधिकार नाही.

म्हणजे बघा, अमेरिकेच्या सैनिकांच्या आधाराने आलेलं आणि अमेरिकेतच विलीन व्हायला निघालेलं सरकार आता अमेरिकेलाच दूर राहायला सांगत होतं.

क्लीव्हलँड यांनी प्रकरण काँग्रेसकडे सोपवलं. काँग्रेसने राणीला गादी परत मिळवून दिली नाही. ४ जुलै १८९४ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, हवाई प्रजासत्ताक जाहीर झालं. राष्ट्राध्यक्ष अर्थातच डोल.

स्वतःच्याच राजवाड्यात कैद

जानेवारी १८९५ मध्ये राणीच्या समर्थकांनी उठाव केला. तो काही दिवसांतच मोडला गेला. वॉशिंग्टन प्लेसच्या बागेत पुरलेली शस्त्रं सापडली आणि १६ जानेवारीला राणीला अटक झाली.

तिला सांगण्यात आलं की गादीवरचा हक्क कायमचा सोड, नाहीतर तुझ्या माणसांना फाशीची किंवा गोळीची शिक्षा होईल. २४ जानेवारीला तिने सही केली. सही करायला लावली ती लिलिउओकलानी डॉमिनिस या नावाने. असं नाव तिने कधी लावलंच नव्हतं. हेही तिने पुढे लिहून ठेवलं, की ज्या नावाने सही घेतली ते तिचं नव्हतं आणि ती सही माणसं वाचवण्यासाठी होती.

मग लष्करी कोर्टापुढे खटला चालला. जागा कुठली, तर इओलानी पॅलेसमधला तिचाच दरबार हॉल. आरोप असा की उठावाची माहिती असून तिने ती सरकारला कळवली नाही. तिने आरोप नाकारला. शिक्षा झाली पाच वर्षं सक्तमजुरी आणि ५ हजार डॉलर दंड. प्रत्यक्षात तिला राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत कोंडण्यात आलं.

वर्तमानपत्रं बंद होती. पण भेट म्हणून येणारी फुलं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली असत. फुलं फुलदाणीत जायची आणि राणी तो कागद वाचायची.

त्या खोलीत तिने गाणी रचली. सोबतच्या बायकांसह रंगीबेरंगी तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली, त्यात हवाईचे झेंडे आणि आपल्या आयुष्यातल्या तारखा भरल्या. ही गोधडी आजही इओलानी पॅलेसमध्ये पाहायला मिळते. शिवाय सृष्टीच्या उत्पत्तीपासून राजवंशापर्यंत सांगणाऱ्या 'कुमुलिपो' या हवाईच्या प्राचीन स्तोत्राचा इंग्रजी अनुवाद तिने तिथेच सुरू केला.

सुमारे आठ महिन्यांनी तिला घरी जाऊ दिलं, तेही नजरकैदेत. पूर्ण माफी मिळाली ऑक्टोबर १८९६ मध्ये.

२१ हजार सह्या

सुटल्यावर तिने पहिलं काम काय केलं? अमेरिका गाठली.

१८९७ मध्ये विल्यम मॅकिन्ली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि जूनमध्ये विलीनीकरणाचा नवा करार झाला. दुसऱ्याच दिवशी राणीने वॉशिंग्टनमध्ये लेखी निषेध दाखल केला. जनतेला न विचारता आणि तिच्या शरणागतीचा अर्थच बदलून हा करार झालाय, असं तिचं म्हणणं होतं.

तिकडे हवाईत लोक गप्प बसले नव्हते. स्त्री-पुरुष कार्यकर्ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाऊन विलीनीकरणाविरुद्ध सह्या गोळा करत होते. कागदांचा गठ्ठा झाला ५५६ पानांचा आणि सह्या झाल्या २१ हजारांहून जास्त. मूळ हवाईयन लोकांची संख्या तेव्हा ४० हजारांच्या आसपास होती, त्यात लहान मुलंही आली. म्हणजे सही करू शकणाऱ्या जवळपास प्रत्येक घरापर्यंत हा कागद पोहोचला होता.

डिसेंबर १८९७ मध्ये चार प्रतिनिधी हा गठ्ठा घेऊन वॉशिंग्टनला आले. राणीसोबत त्यांनी सिनेटरांच्या भेटी घेतल्या. करार मंजूर व्हायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागत होती. फेब्रुवारी १८९८ पर्यंत पाठिंबा देणारे सिनेटर उरले फक्त ४६. करार बारगळला.

एका पदच्युत राणीने आणि सह्यांच्या गठ्ठ्याने अमेरिकेचा करार अडवला होता. त्याच वर्षी तिचं आत्मकथनही अमेरिकेत प्रसिद्ध झालं.

पण नशीब फिरलं. एप्रिल १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं. मे महिन्यात अमेरिकी आरमाराने फिलिपिन्समधल्या मनिलाच्या खाडीत स्पेनचा पराभव केला. आता पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या जहाजांना कोळसा भरायला मधला थांबा हवा होता आणि नकाशावर तो थांबा होता हवाई.

कराराला दोन तृतीयांश मतं मिळत नाहीत ना? मग करारच नको. दोन्ही सभागृहांत साधा संयुक्त ठराव आणला, त्याला साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१ मतांनी तो पास झाला आणि ७ जुलै १८९८ ला मॅकिन्ली यांनी सही केली. हवाई खालसा झालं.

१२ ऑगस्टला इओलानी पॅलेससमोर हवाईचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला गेला. राणी या समारंभाला गेली नाही. ती वॉशिंग्टन प्लेसमध्ये आपल्या माणसांसोबत दारं लावून बसली होती. मूळ हवाईयन लोकांपैकीही बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली.

पुढच्याच वर्षी तिची वारस, भाची काइउलानी, अवघ्या २३ व्या वर्षी वारली.

हार मानणं म्हणजे काय?

यानंतर राणी १९ वर्षं जगली. राजघराण्याच्या जमिनींसाठी ती अमेरिकेच्या कोर्टात गेली. १९१० मध्ये निकाल विरोधात लागला. कोर्टाचं म्हणणं पडलं की जमिनी राजपदाच्या होत्या, तिच्या वैयक्तिक नव्हत्या, आणि राजपद तर उरलंच नाही.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. हानाई पद्धतीने तिने तीन मुलं वाढवली होती. १९०९ मध्ये तिने आपल्या मालमत्तेचा ट्रस्ट केला. हवाईतल्या अनाथ मुलांसाठी, त्यातही मूळ हवाईयन मुलांना आधी. तो ट्रस्ट आजही चालू आहे.

११ नोव्हेंबर १९१७ ला वॉशिंग्टन प्लेसमध्ये तिचं निधन झालं. वय ७९. तिला राणीच्या इतमामाने निरोप देण्यात आला.

आता प्रश्न राहतो, ती लढली असती तर? याचं उत्तर कुणाकडेच नाही. १८४३ मध्ये ब्रिटनने राज्य परत केलं, तसं अमेरिका करेल हा तिचा भरवसा खोटा ठरला. त्या अर्थाने तिचा डाव फसला.

पण तिने लिहून ठेवलेले कागद संपले नाहीत.

१९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं ५० वं राज्य झालं. राजसत्ता उलथली त्याला १०० वर्षं झाली तेव्हा, २३ नोव्हेंबर १९९३ ला, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काँग्रेसच्या एका ठरावावर सही केली. त्यात अमेरिकेने मूळ हवाईयन लोकांची माफी मागितली. हे काम अमेरिकेच्या प्रतिनिधींच्या सहभागाने झालं, हवाईयन लोकांनी आपलं सार्वभौमत्व कधीही थेट सोडलं नव्हतं आणि जवळपास १८ लाख एकर जमीन त्यांच्या संमतीशिवाय व मोबदल्याशिवाय गेली, हे त्यात मान्य केलंय. राणीचा १७ जानेवारी १८९३ चा निषेधही त्या ठरावात जसाच्या तसा घेतला आहे.

माफी मिळाली, जमीन मिळाली नाही. तो वाद हवाईत अजून चालू आहे.

आणि तो सह्यांचा गठ्ठा? तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होता. १९९० च्या दशकात एका हवाईयन अभ्यासक महिलेने तो शोधून लोकांसमोर आणला. त्यानंतर हवाईतली माणसं त्या पानांवर आपल्या पणजोबा-पणजींची नावं शोधू लागली. आपल्या घरच्यांनी विरोधच केला नव्हता असं ज्यांना वाटत होतं, त्यांना तिथे सही सापडली.

होनोलुलूत आज राजवाडा आणि राज्याचं विधानभवन यांच्या मधोमध लिलिउओकलानीचा पुतळा उभा आहे. त्या पुतळ्याच्या हातात तलवार नाही. एका हातात तीन कागद आहेत, 'अलोहा ओए', 'कुमुलिपो' आणि १८९३ ची ती राज्यघटना, जी कधी लागूच होऊ दिली नाही.